आईचा अबोला, बाबांचा आवाज आणि दादा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "दादाच्या बाबतीत आमचं कुठेतरी चुकलंच," आणि बाबांनी लगेच विषय बदलला. मीही तेव्हा बोलले नाही. फोनवर या विषयाचा विचका होतो, आई रडवेली होते, बाबा चिडतात आणि मी समजुती घालत बसते. म्हणून लिहिते आहे. एक विनंती, पत्र दोघांनी वेगवेगळं वाचा. बाबा मोठ्याने वाचायला लागले की मधे मधे स्वतःची टिप्पणी घालतात.

"दोघांना आम्ही सारखंच वाढवलं" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. ते खरं नाही, आणि खरं असणं शक्यही नव्हतं. दादा तान्हेपणापासून झोपेचा कच्चा, हट्टाला पेटला की न आवरणारा. मी निवांत. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून थॉमस आणि चेस या डॉक्टर दांपत्याने काही मुलांचा अगदी तान्ही असल्यापासून अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना साधारण ४० टक्के मुलं सांभाळायला सोपी वाटली, १० टक्के अवघड, १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी आणि उरलेली संमिश्र. दादा त्या दहातला. मला एकदा "नको" म्हटलं की भागायचं, म्हणून माझ्यापुरते तुम्ही शांत आईवडील होतात. त्यात तुमच्याइतकाच माझ्या स्वभावाचाही हात होता. रिचर्ड बेल या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये नेमकं याच गोष्टीकडे बोट दाखवलं. कडक आईबापांची मुलं आक्रमक होतात असं आपण म्हणतो, पण आक्रमक मुलामुळे आईबाप कडक होत जातात, असंही असू शकतं.

आपल्या घरात दोन्ही झालं. दादा अडून बसायचा, बाबांचा आवाज चढायचा, त्याने तो आणखी अडायचा. आणि बाबा, रागावू नका, पण तासभर आरडाओरडा करून शेवटी बऱ्याचदा तुम्हीच माघार घ्यायचात. ऑरेगनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांचं घरात जाऊन निरीक्षण केलं, तेव्हा त्यांना हेच चक्र दिसलं. मूल ताणतं, मोठे ओरडतात, मूल जास्त ताणतं, मोठे दमून सोडून देतात. मूल त्यातून एवढंच शिकतं की किती वेळ ताणलं की काम होतं. मोठे शिकतात की पुढच्या वेळी सुरुवातच ओरडण्याने करावी. तुमची दोघांची बरीच वर्षं यात गेली.

तुम्ही स्वतःला फार कडक बाप समजता. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे पालक पाहून तीन तऱ्हा सांगितल्या होत्या: हुकूम चालवणारे, मोकळं सोडणारे आणि ठाम राहूनही मुलाचं ऐकून घेणारे. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी पालक मुलाकडून किती अपेक्षा ठेवतात आणि मुलाला किती प्रतिसाद देतात, या दोन मापांवर त्यांची मांडणी केली. त्यातून चौथी तऱ्हा निघाली, दोन्ही बाबतींत हात वर करणाऱ्यांची. माझ्यापुरते तुम्ही तिसऱ्या गटात होतात. कुठे जाते ते सांगायचं, किती वाजता परत येणार ते सांगायचं, आणि का, याचं कारण तुम्ही मला द्यायचात. मी वाद घालून एखादा नियम बदलूनही घेतला आहे. दादाला मात्र "मी सांगतो म्हणून" एवढंच उत्तर मिळायचं. एका घरात एकच बाप दोन गटांत बसत होता.

तुमचा आवडता श्लोक आठवतो ना? पाच वर्षं लाड करा, दहा वर्षं ताडन करा, सोळावं लागलं की मुलाशी मित्रासारखं वागा. पहिलं झालं, दुसरंही झालं, तिसरं दादाच्या बाबतीत राहून गेलं. ताडनाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही हात क्वचितच उचललात. फक्त एवढं, की गेर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये दीड लाखाहून जास्त मुलांवरचे अभ्यास एकत्र केले, तर फटके देण्याचा कुठेही फायदा आढळला नाही. अशा मुलांत आक्रमकता जास्त आणि आईवडिलांशी नातं जास्त ताणलेलं दिसलं. अर्थात बेल यांचा मुद्दा इथेही लागू होतोच.

आता आई, तुझ्याबद्दल. बाबांच्या आवाजाविषयी घरात सगळे बोलतात, तुझ्या अबोल्याविषयी कुणीच बोलत नाही. तू कधी हात उगारला नाहीस, कधी ओरडली नाहीस. फक्त बोलणं बंद करायचीस. मग एखाद्या सकाळी काही घडलंच नाही अशा थाटात "आंघोळ झाली का?" म्हणून सुरू करायचीस. काय चुकलं होतं, ते मिटलं की नाही, काही कळायचं नाही.

ब्रायन बार्बर यांनी १९९० च्या दशकात दोन प्रकारचे धाक वेगळे करून दाखवले. एक वागण्यावरचा, म्हणजे वेळा, नियम, कुठे जातोस ही विचारपूस. याचा मुलांना बहुतेक वेळा उपयोगच होतो. दुसरा मनावरचा, म्हणजे अपराधी वाटायला लावणं, माया आखडून घेणं. किशोरवयीन मुलांमधली उदासी या दुसऱ्या प्रकाराशी जोडलेली सापडते. बाबांचे नियम पहिल्या प्रकारातले होते. मी त्यांवर चिडायचे, पण रात्री शांत झोपायचे. तुझ्या अबोल्यात मला झोप लागायची नाही. अजूनही कुणी माझ्या निरोपाला उत्तर दिलं नाही, की आपलं काय चुकलं हे मी आधी शोधायला लागते.

एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग आहे. आई बाळाशी खेळत असते, मग तिने काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ आधी हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. हे वाचलं तेव्हा मला दादाच आठवला. मी तुझी मनधरणी करायचे. त्याने तोंड फिरवलं. तू गप्प होण्याआधी तोच गप्प व्हायला लागला. तो फोन करत नाही, मनातलं सांगत नाही, ही तुझी आजची तक्रार आहे ना? अबोला त्याने तुझ्याकडूनच उचलला आहे, असं मला वाटतं.

हे दोष द्यायला लिहीत नाही. तुला त्या घरात आवाज चढवायची सोयच नव्हती. गप्प बसणं एवढंच तुझ्या हातात होतं, हे मला स्वतःचं घर झाल्यावर उमगलं.

पण "आमचं चुकलं" म्हणून तू जेवढं अंगावर घेतेस, तेवढंही तुझं नाही. प्लोमिन आणि डॅनियल्स यांनी १९८७ मध्ये एका लेखात विचारलं होतं, की एकाच घरातली भावंडं इतकी वेगळी का निघतात. स्वभावाच्या बाबतीत आनुवंशिकता बरीच असते, आणि दोघांना सारखं मिळालेलं घर फारसं फरक पाडत नाही, असं जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसत होतं. ज्युडिथ रिच हॅरिस तर १९९८ मध्ये म्हणाल्या, की मूल घडतं ते मुख्यतः त्याच्या बरोबरीच्या मुलांमध्ये. मला ते टोकाचं वाटतं, पण दादाचे मित्र आठवले की पूर्ण खोडताही येत नाही. तो तापट आहे, नोकऱ्या बदलतो, हे सगळं तुमचं कर्तृत्व नाही. उगाच श्रेय घेऊ नका! त्याचं तुमच्याशी असलेलं नातं मात्र तुम्हा तिघांचं आहे, आणि ते अजून बदलता येतं.

सुट्टीत नातीला तुमच्याकडे ठेवून जाणार आहे. मी तिला लाडावून ठेवलंय असं तुम्हाला वाटतं, कारण ती रडली तरी मी ओरडत नाही. पण हवी ती वस्तूही देत नाही, तेवढं नीट बघा. बाबा, "नाही" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, कारण सांगा आणि मग ती कितीही रडली तरी बदलू नका. आई, राग आला तर बोलून रागव, आणि रात्री झोपण्याआधी तिच्याशी बोलून मोकळी हो.

हे पत्र मी दादाला दाखवलेलं नाही. त्याला तुम्ही फोन कराल तेव्हा "तू फोन का करत नाहीस" याने सुरुवात करू नका. बाबांनी एकट्याने केला तर जास्त बरं. त्याला गाडीतलं फार कळतं, तुमच्या जुन्या गाडीबद्दल काहीतरी विचारा.

बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का, ते कळवा.

तुमची,
चिमू