उपवासकाळातील रोजचे आत्मपरीक्षण

प्रिय बंधू-भगिनींनो,
येत्या भस्म बुधवारपासून (उपवासकाळाचा पहिला दिवस) ईस्टरपर्यंत रोज रात्री ९ वाजता आपापल्या घरी पंधरा मिनिटे प्रार्थनापूर्वक आत्मपरीक्षण करायचे आहे. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या पाच पायऱ्या अशा:

१. देवाचे आभार
२. स्वतःला नीट ओळखण्यासाठी कृपेची याचना
३. दिवसभरातील विचार, शब्द, कृती यांची उजळणी
४. क्षमायाचना
५. उद्याचा निश्चय आणि प्रभूची प्रार्थना

पहिली पायरी उरकून टाकू नका. आभार न मानता थेट चुकांकडे वळलो, तर मन खचते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. रात्रपाळी असेल त्यांनी कामावर निघण्यापूर्वी बसावे.

भस्म बुधवारच्या आधीच्या रविवारी, पहिल्या मिस्सानंतर (चर्चमधील उपासनाविधी), चर्चच्या सभागृहात पद्धत समजावून सांगू. वही आणा; त्यात लिहिलेले कोणालाही दाखवावे लागणार नाही.