धमनीतील प्लाक आणि संगणकाची नजर

महोदय,

मानेतील कॅरोटिड धमनीच्या भिंतीची जाडी १.५ मिलिमीटरहून अधिक भरली किंवा तिच्यावरील उंचवटा पोकळीत किमान ०.५ मिलिमीटर पुढे आला, तर मॅनहाइम सहमती या तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार त्याला प्लाक (भिंतीत साचलेला चरबीयुक्त थर) म्हणतात. इतक्या सूक्ष्म मोजणीत, सोनोग्राफीच्या चित्रावर प्लाकची सीमारेषा आपोआप आखणाऱ्या संगणक प्रणालीची मदत स्वागतार्हच आहे. मात्र कॅल्शियम साचलेल्या प्लाकमागे ध्वनिलहरींची सावली पडून तेथील भिंत चित्रात उमटतच नाही, आणि जे चित्रातच नाही ते संगणक कुठून शोधणार? शिवाय प्रोब (मानेवर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) धरण्याच्या कोनानुसारही चित्र बदलते. म्हणून ठाणे महापालिकेने कळव्याच्या रुग्णालयासाठी अशी प्रणाली घेण्याचे ठरवल्यास, तिने आखलेली सीमारेषा रेडिओलॉजिस्टला दुरुस्त करता यावी आणि ती दुरुस्ती अहवालात नोंदली जावी, ही अट निविदेतच असावी.

– एक वाचक, ठाणे (पूर्व)