ठिपके आधी बघायला शिकवणाऱ्या ताईंना थँक्यू

ताई, नमस्कार.

ऑक्टेव्हमध्ये (गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये) टॅन एक्सचा ग्राफ काढला की मध्येच उभ्या रेघा का येतात, एवढंच विचारलं होतं मी. तुम्ही जे समजावलंत ते नुसत्या थँक्यूवर सोडवेना, म्हणून हे पत्र.

रेघ काढून टाका आणि नुसते ठिपके प्लॉट करा, हे तुम्ही सगळ्यात आधी सांगितलंत आणि तिथेच अर्धं कोडं सुटलं: ऑक्टेव्ह फक्त ठिपके काढून ते रेघेने जोडतं, तुटीच्या अलीकडचा-पलीकडचासुद्धा. लिनस्पेसला (समान अंतरावरचे पॉइंट्स देणाऱ्या कमांडला) आकडा दिला नाही तर तो १०० पॉइंट्स घेतो, उणे दोन पाय (π) ते दोन पायमध्ये मधल्या दोन रेघा ६० च्या पुढे जातात आणि कडेच्या दोन २० च्या आसपास थांबतात, कारण कुठला ठिपका तुटीच्या (जिथे टॅनला किंमतच नसते) किती जवळ पडला त्यावर सगळं ठरतं. १००० पॉइंट्स घेतले तर कडेच्याच रेघा ६०० च्या वर गेल्या आणि बाकी ग्राफ चपटा!

मग तुमचा उपाय. टॅन प्रत्येक तुकड्यात चढतच जातो, म्हणून पुढचा आकडा मागच्यापेक्षा कमी आला की तिथे तूट, डिफ (लागोपाठच्या आकड्यांमधला फरक) घ्यायचा आणि जिथे ऋण तिथे एका ओळीत नॅन (NaN, म्हणजे ‘आकडाच नाही’) भरायचा, लूप नाही काही नाही, रेघ आपोआप तुटते (वाय अक्षाची मर्यादा मात्र हाताने द्यायची). इतकं सुंदर आहे हे!

आणि न विचारता तुम्ही साइनचं सांगितलंत, ते तर मला जास्त आवडलं. शून्य ते दोन पाय, तेच १०० पॉइंट्स, म्हणजे ९९ तुकडे. साइन १०० एक्स काढला तर हुबेहूब साइन एक्स दिसतो, ९८ घेतला तर तीच लाट उलटी. ९९ ला सगळे ठिपके शून्यावर यायला हवेत, पण राउंडिंगचा १० च्या उणे १३ व्या-१४ व्या घाताएवढा कचरा उरतो आणि ऑटोस्केल (अक्षाची मर्यादा आपोआप ठरवणारा) तोच ताणून स्क्रीनभर दाखवतो. इथे पॉइंट्स वाढवले की खरी लाट दिसते, टॅनला वाढवून काही सुटत नाही, हा फरक इतका स्वच्छ मला कुणीच सांगितला नव्हता.

अकरावीच्या नोट्समध्ये ही दोन्ही उदाहरणं घेतोय, आधी ठिपके मग रेघ, तुमच्याच क्रमाने. तुमचं नाव टाकलेलं चालेल का, तेवढं कळवा.

मनापासून आभार, ताई.