बाबा, इथेही गिरणी आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी दर वाक्याला "आं?" केलं असतं आणि आईने मध्येच "जेवलीस काय ते सांग" म्हणून विषय संपवला असता. म्हणून लिहून पाठवते आहे. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलं आहे. बाबांनी आईला वाचून दाखवावं. आवाज कमी ठेवा, शेजारच्यांना माझ्या सहलीत रस नाही.

शनिवारी इथून, एस्टोनियाच्या राजधानीहून, टालिनहून एका दिवसाच्या सहलीला गेले होते. बस, वाटाड्या, जेवण, सगळं त्यांचंच. एस्टोनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, रशियाच्या सीमेला चिकटून, इडा-व्हिरू नावाचा जिल्हा आहे. सोव्हिएत काळ बघायचा तर तिकडेच जावं लागतं. ऑफिसातल्या मुलींनी नाकं मुरडली. त्यांच्या लेखी तो म्हणजे खाणी, धुराडी आणि रशियन बोलणारे लोक. पण कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा थांबा कापडगिरणीचा होता. मग मी कशाला मागे राहते?

गिरणीचंच आधी सांगते, नाहीतर बाबा मधली पानं उलटून तिथेच जातील.

नार्वा नावाचं शहर, त्याच नावाची नदी, आणि नदीतल्या बेटावर क्रीनहोमची गिरणी. १८५७ सालची. म्हणजे ताडदेवला मुंबईची पहिली गिरणी उभी राहत होती साधारण त्याच सुमाराला, फक्त इथे राज्य रशियाच्या झारचं. बेटाच्या दोन्ही अंगांनी धबधबा पडायचा आणि त्या पाण्यावर साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालायचे. कोळशाचा खर्चच नाही! मालक लुडविग क्नूप, मूळचा जर्मन, मँचेस्टरच्या पेढीचा माणूस. त्याने रशियात इतक्या गिरण्या उभ्या केल्या की तिथे म्हणच पडली: जिथे चर्च तिथे पाद्री, जिथे गिरणी तिथे क्नूप. आणि बाबा, यंत्रं कुणाची आणायचा, माहीत आहे? इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. तुम्ही सांगायचात ना, तुमच्या खात्यातल्या जुन्या यंत्रांवर बिडाच्या अक्षरांत नाव होतं म्हणून? तेच. एकाच गावची यंत्रं एकीकडे परळला उतरली आणि एकीकडे बर्फात.

आता आत काही नाही. लाल विटांच्या आणि दगडाच्या अवाढव्य इमारती, फुटलेली तावदानं, लांबच लांब रिकामी खाती. सगळं सामान गेलेलं. जमिनीवर साचे बसवल्याच्या खुणा मात्र ओळीने दिसतात. धबधबाही आटलेला; १९५५ मध्ये जलविद्युत केंद्र झालं आणि पाणी तिकडे वळलं. आमच्याबरोबरचे लोक उजाड भिंतींचे फोटो काढत होते. हल्ली अशा जागांना फार सुंदर म्हणायची पद्धत आहे. मला काही सुंदर वाटलं नाही, मी भोंगा कुठे असेल ते शोधत होते.

१८७२ मध्ये इथे संप झाला. त्या उन्हाळ्यात कामगारांच्या चाळीत कॉलरा पसरला होता, वर पगारातून दंड कापले जायचे आणि दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंतचा. शेवटी सैन्य आणावं लागलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली १८८४ ला, आणि रविवारची सुट्टी मिळाली १८९० ला. तेव्हा बाबा, या बाबतीत नार्वाचे लोक तुमच्या आधी. हे मान्य करायला तुम्हाला दोन दिवस लागतील, सवडीने करा.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा, नार्वातच जन्मलेला, घरी रशियन बोलणारा. त्याची आई या गिरणीत विणकर होती. युद्धानंतर रशियातल्या कुठल्या तरी खेड्यातून मुलगी म्हणून आली आणि साच्यावर उभी राहिली. मी त्याला म्हटलं, माझे वडीलही साचेखात्यात होते, मुंबईला. तो थांबलाच. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "त्यांना ऐकू येतं का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, आईलाही नाही. अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलते. दुसरा प्रश्न, वडील किती साचे सांभाळायचे? मी म्हटलं, चार. त्याची आई चोवीस.

तुमचा चेहरा दिसतोय मला. तिचे साचे स्वयंचलित होते, कांडी आपोआप बदलणारे, तुमचे साधे. तेव्हा तुलना सरळ नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. तुम्हीच सांगितलेलं, १९२८ चा मोठा संप कशावरून झाला? दोनाऐवजी तीन साचे माथी मारले म्हणून. लाल बावट्याचं युनियन त्यातनंच उभं राहिलं. आणि त्याच लाल बावट्याच्या देशात १९३५ मध्ये विनोग्रादोवा आडनावाच्या दोन विणकरणींनी शंभरावर साचे चालवले म्हणून त्यांचा देशभर जयजयकार झाला, त्यांच्यासारखं करा म्हणून सगळ्या गिरण्यांत मोहीम निघाली. आपल्याकडे ज्याला राबवून घेणं म्हणायचे, तिकडे त्याला पदक. वाटाड्याला हे सांगितल्यावर तो हसून म्हणाला, "आईला तीन पदकं आहेत, ती पडद्याच्या पेटीत ठेवते." संप करायची मात्र सोय नव्हती.

मी तुम्हाला डिवचायला लिहीत नाही. युनियनच्या कचेरीतून तुम्ही ते गुळगुळीत कागदाचं सोव्हिएत मासिक आणायचात, आधी वाचायचात आणि मग त्याची आमच्या वह्यांना कव्हरं व्हायची. माझ्या गणिताच्या वहीवर डोक्याला रुमाल बांधलेली एक विणकरीण होती, सगळे दात दाखवून हसणारी. ती खोटी होती असं मला आता म्हणता येत नाही. बाई खरी होती, कामही खरं होतं. तिच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे काय आहे, ते चित्रात घेतलं नव्हतं एवढंच.

त्या भिंतीपलीकडचं गाव मी सकाळी पाहून आले होते. सिल्लामाए. फिनलंडच्या आखाताच्या काठावरचं, झारच्या काळी हवा खायला येण्याचं ठिकाण. कुत्र्यांवर प्रयोग करणारा तो पाव्हलॉव्ह उन्हाळ्यात तिथे राहायचा. १९४६ नंतर ते नकाशावरून गेलं. तिथे युरेनियमचा कारखाना काढला, अणुबाँबसाठी. सुरुवातीला तिथल्याच जमिनीतल्या काळ्या दगडातून काढायचे, पुढे पूर्व युरोपातून खनिज आणायचे. गावाला पत्ता म्हणून सांकेतिक नावं, कधी लेनिनग्राड-१, कधी मॉस्को-४००, कधी नार्वा-१०. परवान्याशिवाय आत शिरता येत नव्हतं. सुरुवातीचं बांधकाम कैद्यांनी आणि युद्धकैद्यांनी केलं. स्थानिक एस्टोनियन लोकांवर भरवसा नव्हता, म्हणून कामाला माणसं आणली ती सोव्हिएत संघाच्या लांबलांबच्या भागांतून.

आणि गाव किती देखणं! हे मला पचायला जड गेलं. खांबांच्या इमारती, फिकट पिवळे-गुलाबी रंग, समुद्राकडे उतरणारा रुंद जिना, दोन्हीकडे झाडं. नगरभवनाचा मनोरा असा की लांबून चर्चच वाटावं; देव न मानणाऱ्यांनी बांधलेलं. चौकाजवळ एक पुतळा आहे, अणू हातांत उंच धरलेला माणूस, 'शांततेचा अणू' म्हणून १९८७ मध्ये उभा केलेला. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट होऊन वर्ष झालं होतं, हे ध्यानात घ्या. कारखान्याचा किरणोत्सारी चोथा साठवलेलं तळं समुद्राच्या अगदी कडेला होतं. बांध फुटला असता तर सगळं बाल्टिकमध्ये. युरोपातल्या देशांच्या पैशातून ते २००८ पर्यंत झाकून बंदिस्त केलं. आता वर गवत आहे.

आई, जेवण तिथेच झालं. बिटाचं लाल सूप, त्यावर दह्यासारखी आंबट साय आणि शेपू. हो, शेपू, इथे तो सगळ्यात घालतात, तुझ्या नातवाला सांग. मग खिम्याची कटलेटं आणि गव्हासारखा दिसणारा एक भरडा. बरं होतं, मीठ कमी. तुझ्या खानावळीत पाळीवरून आलेल्या माणसांनी हे ताट परत पाठवलं असतं. नार्वात बरणीत मुरवलेला मासा मिळतो, वामेसारखा लांब पण त्याला जबडाच नाही, नुसतं गोल तोंड. वाटाड्याने आग्रहाने दिला. मी खाल्ला. तू असतीस तर आधी कसा साफ करतात ते विचारलं असतंस.

वाटेत राखेचे डोंगर लागले. इथे जमिनीखाली जळणारा तपकिरी दगड आहे, त्यातून तेल काढतात, वीज करतात. १९४८ मध्ये या दगडाचा गॅस नळाने थेट रशियात, लेनिनग्राडला गेला. राजधानी टालिनला तो मिळाला पाच वर्षांनी. एस्टोनियन माणूस हे अजून विसरलेला नाही, आणि मला त्याचं चुकतं असंही वाटत नाही. १९४९ च्या मार्चमध्ये या एवढ्याशा देशातून वीस हजारांवर माणसं सैबेरियाकडे धाडली, त्यांत बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. ऑफिसातल्या एकीची आजी त्यांतली. ती नाक मुरडते त्यामागे हे आहे.

पण वाटाड्याच्या आईचं काय? तिने कुणाला कुठे पाठवलं नाही. ती साच्यावर उभी होती.

सोव्हिएत संघ मोडला तसा उझबेकिस्तानचा स्वस्त कापूस थांबला, गिऱ्हाईक गेलं. गिरणी एका स्वीडिश कंपनीने घेतली, काही वर्षं चालवली आणि २०१० मध्ये दिवाळं निघालं. तोवर म्हातारी निवृत्त झाली होती. बाबा, हे नीट वाचा. नव्वदच्या दशकात एस्टोनिया सरकारने लोकांना नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने पिवळी प्रमाणपत्रं वाटली आणि ती भरून राहतं घर नावावर करून घेता आलं. तिने घेतलं. दोन खोल्या, तिसरा मजला, नदीकडे खिडकी. मग मी विचारलं, ती एस्टोनियाची नागरिक आहे ना? नाही. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने देश घेतला, त्यानंतर आलेल्यांना नागरिकत्व आपोआप मिळालं नाही. एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यावी लागते. १९९२ मध्ये देशातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. आता ती थोडी उरलीत, म्हातारी त्यांतली एक. तिच्याकडे नागरिकत्व नसलेल्यांचा राखाडी पासपोर्ट आहे. घर तिचं, देश नाही. तुमच्याकडे देश आहे, मतदानाचं ओळखपत्र आहे, आणि गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीच्या अर्जाची ती पावती आहे.

परतताना बसमध्ये मी हाच हिशेब करत बसले होते. ज्यांनी तुम्हाला मासिकं वाटली त्यांनी चोवीस साचे दिले, तोंड बंद ठेवायला लावलं, पण छप्पर दिलं. आणि जिथे तुम्हाला संप करता आला, मोर्चे काढता आले, घोषणा देऊन घसा बसवता आला, तिथे गिरणीच्या जागेवर मॉल झाला आणि आपण बदलापूरला आलो. यातलं कुठलं बरं, हे मला ठरवता आलेलं नाही. पदकं ठेवून घेऊन घर नको म्हणणारा एकही विणकर मला माहीत नाही, आणि तोंड बंद ठेवून राहू शकणारे तर तुम्ही मुळीच नाही, आईला विचारा.

नार्वाचा जुना भाग युद्धात, १९४४ च्या मार्चमध्ये, बाँबखाली गेला. नंतर तो पुन्हा बांधला नाही, जुन्या रहिवाशांना परत येऊ दिलं नाही. आता तिथे चार-पाच मजली एकसारख्या इमारती. नदीच्या या तीरावर किल्ला आणि समोरच्या तीरावर रशियाचा किल्ला, इतके जवळ की पलीकडची माणसं दिसतात. मधल्या पुलावर आता गाड्या बंद आहेत. लोक पिशव्या, चाकांच्या बॅगा ओढत पायी जातात-येतात, तासन् तास रांगेत. बहुतेक म्हाताऱ्या बायका. कुणाची बहीण पलीकडे, कुणाचं थडगं. ९ मे ला, रशियाच्या महायुद्धातल्या विजयदिनाला, पलीकडून मोठ्या पडद्यावर गाणी लावतात, मुद्दाम या बाजूला ऐकू जातील अशी. अलीकडे, शहराबाहेर, चौथऱ्यावर टी-३४ हा सोव्हिएत रणगाडा होता. नवी लग्न झालेली जोडपी तिथे फुलं ठेवायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने तो हलवून टालिनजवळच्या संग्रहालयात नेला. वाटाड्याला त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "माझ्या लग्नाचा फोटो तिथला आहे. हलवला हेही मला कळतं." पुढे काही बोलला नाही, आणि मीही टोकलं नाही.

बाबा, एक काम आहे. त्याच्या आईला एक प्रश्न पडला आहे, त्याने तिला माझ्यासमोर फोन लावला होता. ताना तुटला की मुंबईचे विणकर गाठ कुठली मारायचे, आणि एका हाताने की दोन्ही? तुम्ही दादाच्या मोबाइलवर करून दाखवा, सुतळी घेऊन, जवळून. तो व्हिडिओ मी पाठवेन. तिला ऐकू येत नाही, तेव्हा बोलत बसू नका.

आणि सोडतीचं पत्र आलं तर कपाटात ठेवण्याआधी मला फोटो पाठवा. मागच्या वेळी मुदत निघून गेल्यावर कळलं होतं. गुडघ्याचं तेल आईच्या नावाने पार्सलने येईल, ते वाटून घ्या.

तुमची,
सुमी