काका, बाग परत मिळाली

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दाराच्या फटीतून सरकवता आलं असतं. पण इंग्लंडात आपल्यासारखी कितीतरी मराठी घरं जवळच्या बागेतल्या दांडगाईचा त्रास मुकाट्याने सोसत असतील. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, म्हणून उघडच लिहिते आहे.

तो उन्हाळा आठवतो ना? घसरगुंडीखाली फुटक्या बाटल्या, रात्री बारानंतर बागेच्या वाटेवरून मोपेड, येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या. एका संध्याकाळी अर्धा भरलेला कॅन माझ्या लेकीच्या पाठीवर येऊन आदळला. सात वर्षांची पोर. घरी येऊन एक शब्द बोलली नाही, ओलं जॅकेट काढून बाथटबमध्ये टाकलं आणि खोलीत गेली. पोलिसांना फोन केला की ते कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, बोट दाखवत, कौन्सिल पोलिसांकडे. आपण बाहेरून आलेले, आपलं कोण ऐकणार, असं मी धरूनच चालले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत वापरतात तशी रेघांची वही घेऊन आलात. तारीख, वेळ, काय घडलं, त्याचा कोणाला काय त्रास झाला, असे चार रकाने स्वतः आखून दिलेत. आठवड्याने मी भरलेलं पान बघितलंत आणि पेन्सिलीने "गुंड", "दारुडे", "असली माणसं" हे सगळं खोडलंत. म्हणालात, "विशेषणं काढ, वेळ घाल." मला राग आला होता. आज कळतं, त्या खोडलेल्या शब्दांमुळेच माझी तक्रार उभी राहिली.

सहा महिन्यांत तीन तक्रारी होऊनही काही हललं नाही, तर सगळं प्रकरण पुन्हा तपासा असं मागण्याचा हक्क अशा उपद्रवी वागण्याविरुद्धच्या २०१४ च्या कायद्याने सामान्य माणसाला दिला आहे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. पूर्वी त्याला कम्युनिटी ट्रिगर म्हणत, आता केस रिव्ह्यू म्हणतात. अर्ज तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेतलात. इंग्रजी अडखळत होतं, तरी पेन हातात घेतलं नाहीत. त्या एका अर्जाने पोलीस आणि कौन्सिल एका टेबलाशी बसले, आणि टोलवाटोलवी तिथे संपली.

मग कौन्सिलने बागेसाठी पीएसपीओ, म्हणजे सार्वजनिक जागेच्या संरक्षणाचा आदेश, काढायचं ठरवलं आणि लोकांची मतं मागवली. काका, खरे आभार मला इथले मानायचे आहेत. मी फॉर्मवर लिहिलं होतं, बागेत कोणी झोपू नये, पोरांनी घोळका करू नये. तुम्ही विचारलंत, "कोपऱ्यातल्या बाकावर झोपणाऱ्या त्या माणसाने तुला कधी काय केलं?" काहीच नव्हतं केलं. उलट लेकीचा चेंडू दोनदा आणून दिला होता. नुसतं बेघर असणं हा या आदेशाचा विषय होऊ नये, असं सरकारच्या २०१७ च्या सूचनांमध्येच आहे, हे तुम्ही मला वाचून दाखवलंत. माणसाला नव्हे, वागण्याला आवर घालायचा, आणि तेही ते वागणं सतत चालू असेल, अवाजवी असेल, आसपासच्यांचं जगणं अवघड करत असेल तर. मी फॉर्म फाडला आणि नवा लिहिला. त्या दिवशी तुम्ही थांबवलं नसतंत, तर माझ्या भीतीने एका निरुपद्रवी माणसाचं अंथरूण उचललं गेलं असतं.

आता फाटकावर पाटी आहे. त्यातही सरसकट दारूबंदी नाही. अधिकाऱ्याने पिणं थांबव म्हटल्यावर किंवा बाटली मागितल्यावर नकार दिला, तर गुन्हा. जागच्या जागी दंडाची नोटीस, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर दारूसाठी ५०० पौंडांपर्यंत दंड. मोपेड बंद झाल्या. बाटल्या अजून अधूनमधून दिसतात, पण घसरगुंडीखाली नाहीत.

हा आदेश जास्तीत जास्त तीन वर्षांचा. मुदत वाढवायची वेळ आली की पुन्हा मतं मागवतील, म्हणून वही मी चालूच ठेवली आहे. गेल्या महिन्याच्या पानावर एकच नोंद आहे, तीही विशेषणाशिवाय. रविवारी दाखवायला आणते. लेक सोबत येईल, तिला तुम्हाला झोका किती उंच जातो ते दाखवायचं आहे.

काका, मनापासून आभार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण