बाबांचा पेसमेकर आणि कांचन घड्याळ

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार. वि. वि.

आईच्या परवाच्या फोनवरून समजले की, हृदयाच्या ठोक्यांतूनच वीज घेऊन चालणारे, बिनसेलचे मशीन आता येतेच आहे, मग पुन्हा चिरफाड कशाला, असे म्हणून बाबांनी पेसमेकर (हृदयाचे ठोके नीट ठेवणारी, सेलवर चालणारी डबी) बदलण्याचे काम हरभरा निघेपर्यंत पुढे ढकलले आहे. ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर मीच पाठवली होती, म्हणून तिची राहिलेली बाजूही मलाच लिहिणे भाग आहे.

बाबा, बातमी खोटी नाही. लग्नात मामांनी दिलेले तुमचे एचएमटी कांचन आठवा. त्याला ना चावी लागे ना सेल. मनगट हलले की आतले वजन फिरे आणि स्प्रिंग गुंडाळली जाई. तुम्ही तापाने आठवडाभर खाटेवर होता, तेव्हा ते खुंटीवर बंद पडले होते. बर्न विद्यापीठातील संशोधकांनी अशाच घड्याळाची यंत्रणा डुकराच्या हृदयावर टाके घालून बसवली आणि त्या हालचालीच्या विजेवर पेसमेकर चालवून २०१४ मध्ये जगापुढे मांडला. पेसमेकरला वीज लागते ती साधारण १० मायक्रोवॅट. आपल्या ओसरीतल्या ९ वॅटच्या दिव्याच्या विजेत असे ९ लाख पेसमेकर चालतील.

आई, दुसरी युक्ती तुझ्या ओट्यावरच आहे. गॅसच्या लायटरमध्ये सेल नसतो. खटका ओढला की आतल्या स्फटिकावर आघात होतो आणि ठिणगी उडते. दाबातून वीज देण्याचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. तशाच पदार्थाच्या पातळ, लवचिक पट्ट्या गाय आणि मेंढीच्या हृदयावर बसवून वीज मिळवलेली आहे.

परंतु हृदय दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा हलते, आणि इतके वाकूनही वर्षानुवर्षे न तुटणारी पट्टी बनवणे सोपे नाही. त्यातील नेहमीच्या पदार्थात शिसे असते, त्यामुळे वेष्टन तडकले तर पंचाईत. शिवाय घड्याळाची ती यंत्रणा हृदयाच्या बाहेरून शिवायची म्हणजे छाती उघडणे आले. तुमची डबी मात्र गळपट्टीच्या हाडाखाली लहानसा छेद देऊन, बहुधा जुन्याच तारांना नवी जोडून, बदलता येते. ज्या चिरफाडीला तुम्ही टाळता आहात, तीच या नव्या मशीनमध्ये अधिक आहे!

स्टॉकहोमच्या आर्ने लार्सन यांना १९५८ मध्ये जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तो काही तासांतच बंद पडला; पुढे २६ पेसमेकर वापरून ते ८६ वर्षे जगले. तुमचा तर हा दुसराच.

डॉक्टरांनी सांगितलेली तारीख मी कायम केली आहे. आदल्या दिवशी मी येते. वेचणीच्या बायांचे काकूंशी बोलून ठेवले आहे. ऑपरेशननंतर काही दिवस बाबांनी डाव्या हाताने कापसाचे गाठोडे उचलायचे नाही, एवढे आईने बघावे. कांचन घड्याळ कपाटातून काढून ठेवा, जाताना यवतमाळला कारागिराकडे टाकू.

तुमची लेक