बंद कारखान्याच्या फोटोखाली साल छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

अमेरिकेतील डेट्रॉइटसारख्या उतरणीला लागलेल्या औद्योगिक शहरावर लेख आला, की सोबत फुटक्या काचांच्या कारखान्याचा फोटो हमखास येतो. खाली ओळ असते, ‘डेट्रॉइटमधील बंद कारखाना’. कधीचा, कधी बंद पडलेला, याचा पत्ता नसतो. वाचकाचे शहराबद्दलचे मत मात्र तेवढ्यावर पक्के होते.

तिथला पॅकार्ड मोटारींचा कारखाना घ्या. २००८च्या मंदीनंतर त्याचे फोटो मंदीच्या बातम्यांसोबत वापरले गेले. तिथे मोटारी बनणे १९५०च्या दशकातच थांबले होते! फोटोत दिसते ती अर्धशतकाची पडझड, वाचकाला वाटते की हे सारे दोन वर्षांत घडले. डेट्रॉइटच्याच मिशिगन सेंट्रल रेल्वे स्थानकातून गाड्या १९८८ मध्ये बंद झाल्या. २०१८ मध्ये फोर्डने ती इमारत घेतली आणि दुरुस्तीनंतर जून २०२४ मध्ये ती खुली झाली. तिचे पडझडीचे जुने फोटो तारखेविना अजूनही फिरतात.

दुसरी गोष्ट माणसांची. २०१०च्या जनगणनेत डेट्रॉइटमध्ये सात लाखांहून अधिक लोक होते. मग फोटोत कोणीच कसे नाही? १६ मिमीच्या वाइड लेन्सने दालन आहे त्याहून प्रचंड दिसते. ट्रायपॉडवरून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे, तीन फोटो घेऊन ते एकत्र केले, की गंज आणि भिंतींचे पोपडे डोळ्यांत भरतात. रस्त्यावर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश खूप कमी करणारी गडद काच, लावून शटर मिनिटभर उघडे ठेवले, तर चालती माणसे पुसलीच जातात. यात खोटे काही जोडलेले नसते, पण शहर निर्मनुष्य ठरते.

छायाचित्रकार कामिलो व्हर्गारा यांनी त्याच इमारती, तेच कोपरे दशकानुदशके पुन्हा पुन्हा टिपले. हे काम चिकाटीचे आहे. उभे राहण्याची जागा, लेन्स आणि ऋतू तोच ठेवावा लागतो. जवळचा खांब आणि मागच्या इमारतीची कड जुन्या फोटोतल्यासारखी जुळेपर्यंत पावलापावलाने सरकावे लागते. लेन्स बदलून तीच चौकट साधू गेलात तर मागची घरे जवळ किंवा दूर गेल्यासारखी दिसतात. उन्हाळ्यात पानांआड अर्धा रस्ता झाकतो. अशी जुन्या-नव्या फोटोंची जोडी छापली, तर काय पडले, काय टिकले आणि काय नव्याने उभे राहिले, हे वाचकाला स्वतः ताडता येते.

प्रत्येक वेळी जोडी मिळणार नाही, हे मान्य. पण वृत्तसंस्थेच्या फोटोसोबत तारीख आणि ठिकाण बहुधा फाइलमध्येच येते. पान लावताना ते गळते. ‘पॅकार्ड कारखाना, डेट्रॉइट. उत्पादन बंद १९५०च्या दशकात. फोटो २०१०.’ एवढी ओळ एका कॉलमातही मावते. ती कापू नये, ही विनंती.